तुंब्याची गाठ

सन एकोणीसशे शहाऐंशीचा दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. चंद्रपुरात, जटपुरा गेटाच्या आतल्या बाजूला, परकोटाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत प्रेमिला सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिची बारा वर्षांची मुलगी चेतना फरशीवर पालथी पडून एक कागद भरत होती. कागद वडिलांच्या कचेरीतला, सायक्लोस्टाईल केलेला, शाई जागोजाग फुटलेली. नाताळच्या सुटीत कर्मचारी मंडळाची सहल कोकणात, समुद्रावर जायची होती. मंडळाचे सेक्रेटरी बापूराव, कचेरीतले हेडक्लार्क, मोठे हौशी गृहस्थ. नुसतं वाळूत बसून नारळपाणी पिऊन परत यायचं त्यांना मंजूर नव्हतं. मोटारबोटीतून बेटावर जायचं, वाळूच्या दांड्यावर कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, पोहण्याची शर्यत लावायची, असं सगळं त्यांनी ठरवलं होतं, आणि कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'साहसी उपक्रम'. खाली तीन रकाने. नाव, वय, पोहता येते काय. "बाबा, तुमचं काय लिहू?" चेतनाने विचारलं. श्रावण दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "लिही, होय." प्रेमिलाचं बोट तांदळातल्या एका खड्यावर थांबलं. चेतनाने लिहिलं. मग स्वतःपुढे लिहिलं, 'शिकणार आहे'. सहा वर्षांच्या देवापुढे 'नाही'. आणि मग, आईला काही न विचारता, मान वर न करता, जसं घराचा नंबर लिहावा तसं सहज तिने आईच्या नावापुढे लिहिलं, 'नाही'.

एवढंच झालं. खडा सुपातून उचलून प्रेमिलाने बाहेर टाकला. श्रावण सायकल घेऊन गेला, चेतना शाळेत गेली. दुपारी दोरीवरचे कपडे काढताना नेहमीसारखी कोळशाची काळी पूड बोटांना लागली आणि तिला वाटलं, आपल्या पोरीला आपण चौदा आणे परक्या आहोत. मुलीला ठाऊक नव्हतं की तिची आई सहा वर्षांची असताना गावच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठाला जायची. तिच्या वयाचे पोट्टे मधल्या शिंगाड्याच्या वेलांना भिऊन परतायचे, तेव्हा ही वेलांच्या खालून जायची. पाण्यात डोळे उघडे ठेवले की खालचा उजेड हिरवट, ताकातल्या कढीपत्त्यासारखा दिसतो, कान बंद होतात आणि स्वतःच्या छातीतला ठोका डफासारखा ऐकू येतो, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन ती चंद्रपूरला आली तेव्हा नळाच्या पाण्याने अंघोळ करायला मिळते याचंच तिला बरं वाटलं होतं. बादलीत माणूस बुडत नाही. पंचवीस वर्षं झाली, ती घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. लग्नानंतर एकदा श्रावणला घेऊन माहेरी जाताना डोंग्यातून नदी ओलांडावी लागली होती. श्रावण धानोऱ्याच्या जंगलातला, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांच्या घरातला. नाल्यापेक्षा मोठं पाणी त्याने पाहिलं नव्हतं. डोंग्याच्या दोन्ही कडा धरून, डोळे मिटून, तो पलीकडचा काठ लागेपर्यंत बसून राहिला होता. उतरल्यावर हसून म्हणाला होता, "कोणाले सांगू नको वं." तिने सांगितलं नाही. त्या दिवशी तो तिला फार आवडला होता. म्हणजे त्या कागदावर दोन ओळी खोट्या होत्या, आणि दोन्ही तिला ठाऊक होत्या. पण मन एका वेळी एकाच भीतीभोवती फिरतं. तिचं मन 'शिकणार आहे' या शब्दांवर जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही.

श्रावण रोज संध्याकाळी एका शंभर पानी वहीत सहलीचा बेत लिहायचा. पहिला दिवस, समुद्रस्नान. दुसरा दिवस, मोटारबोट. तिसरा दिवस, गळाने मासे पकडणे. "गळानं?" प्रेमिला हसली. "अन् गांडूळ कोण लावंन? बापूराव?" तोही हसला. "तू लावजो. पण तिथी सांगू नको का आपल्याले येते म्हणून. त्या रुखमाबाईचं तोंड मालूम हाय ना तुले." रुखमाबाई बापूरावांची बायको. हळदीकुंकवाला एकदा चारचौघींत म्हणाली होती, "प्रेमिलाबाईच्या हाताले अजून वास येते बाई मासोळीचा," आणि सगळ्या हसल्या होत्या, प्रेमिलासुद्धा. "पोट्टीले पोहणं शिकवा लागते," श्रावण पुढे म्हणाला. "बापूरावाची पोरगी पोहते. आपलीच काठावर बसून राह्यली तर कसं दिसंन? दिवाळीत तुह्या बाबाकडं घेऊन जा. त्यायच्यापेक्षा कोण चांगलं शिकवंन?" प्रेमिलाला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तिच्या तोंडात पंचवीस वर्षं होतं, जिभेखाली ठेवलेल्या चिंचोक्यासारखं. ते विरघळलंही नाही आणि तिला थुंकताही आलं नाही.

लक्ष्मीपूजन आटोपून ती दोन्ही पोरांना घेऊन एस.टी.ने निघाली. मूल गाव गेलं, गडचिरोली गेली. चार वर्षांपूर्वी जिल्हा वेगळा झाल्यापासून गडचिरोलीच्या स्टँडवर पाट्या वाढल्या होत्या, माणसं तीच होती. चामोर्शीच्या अलीकडे उतरून बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी धान पिवळा झालेला, लोंब्या वाकलेल्या, आणि वाऱ्याबरोबर त्या एकमेकींत काही कुजबुजल्यासारख्या वाजत होत्या. बांध चढला की तळं. ती मान खाली घालून चढली आणि वर आल्यावरही तिने पोरांच्या चपलांकडेच पाहिलं. पण पाण्याचा वास काही डोळ्यांनी येत नाही. चिखलाचा, शेवाळाचा, सडलेल्या शिंगाड्याच्या पानांचा तो वास नाकात शिरला आणि सुकलू आला. सुकलू तिचा भाऊ, सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. तो नेहमी वासातूनच यायचा, चेहरा आता तिला नीट आठवत नव्हता.

त्यांच्या घरात लेकराला पोहायला शिकवायची एक रीत होती. दुधीचा मोठा वाळलेला भोपळा, तुंबा म्हणत त्याला, आतून पोकळ, ढोलासारखा हलका, तो लेकराच्या पाठीवर अंबाडीच्या दोरीने बांधायचा. बांधायचा बापाने. तुंबा लेकराला बुडू देत नाही, लेकरू हातपाय मारत शिकत जातं. शिकवणारा एक दिवस म्हणतो, झालं, आणि गाठ सोडतो. एकदा सोडलेला तुंबा त्या लेकराला पुन्हा बांधत नसत. त्या वर्षी, एकसष्ट साली, सुकलूच्या पाठीवरचा तुंबा इस्तारीने, तिच्या बापाने बांधला होता, आणि शिकवायला अकरा वर्षांच्या प्रेमिलाला सांगितलं होतं. "मी झालं म्हणल्याशिवाय सोडू नको," एवढंच तो म्हणाला आणि जाळं घेऊन नदीवर गेला. प्रेमिलाला तळ्याच्या मध्यावरचे शिंगाडे हवे होते. मध्यावर हात मोकळे करून तोडायचे तर टेकायला काही लागतं. सुकलू सारखा मागे लागला होता, "बाई, सोड ना वं, मले येते आता." तिने त्याला शिंगाड्याच्या बांबूच्या खुंटाला धरून उभं केलं, म्हणाली, "इथीच राह्य," दातांनी ओढून ओढून ती ओली गाठ सोडली, आणि तुंबा स्वतःच्या पोटाखाली घेऊन निघाली. शिंगाडे गोड होते. चार खाल्ले. पाचवा सोलताना मागे वळून पाहिलं तर खुंट होता, नुसता खुंट, आणि त्यावर एक निळा चतुर बसला होता. संध्याकाळी काठावर सगळं गाव जमलं. "गाठ सुटली," ती म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. इस्तारीनेही ऐकलं. त्याने तिच्या पायाशी पडलेला तुंबा उचलला, दोरीचं टोक बोटांत धरून पाहिलं, आणि काही न बोलता घरी नेऊन आढ्याला टांगला.

आता तोच इस्तारी पासष्टीला आला होता, दंडावरची कातडी सैल, पण बोटं अजून जाळं विणत होती. नातीला पाहून तो खूश झाला. "समुद्रात जाते माही नात! बापा! आमी तर नदीच्याच समोर गेलो नाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आढ्याखाली उभा राहिला आणि काठीने तुंबा खाली काढला. तोच. वरून धुरकटून काळा झालेला, एका बाजूला तिने लहानपणी खिळ्याने कोरलेला मासा. प्रेमिला दोन पावलं मागे सरकली. "बाबा, हा अजून ठेवला तुमी?" "काऊन, चांगला तर हाय," तो म्हणाला आणि चेतनाच्या पाठीवर बांधू लागला. बांधून झाल्यावर त्याने प्रेमिलाकडे पाहिलं. "तू शिकव." "मले नाई जमत बाबा." "मंग काठावर बस. पण सोडशील तूच." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. भात वाढू का म्हणून विचारावं तसा आवाज.

पाच दिवस चेतना पाण्यात होती आणि पाच दिवस प्रेमिला काठावर, गुडघे उराशी घेऊन. इस्तारी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून सांगायचा, "पायाले वेल लागली का ओढाचं नाई. ओढलं का आवळते. पाय सैल सोडाचा, तो आपोआप सोडते." पोरगी झपाट्याने शिकत होती. तिचे हात पाण्यात शिरताना आवाज होत नव्हता. हे कोणाचं आहे ते इस्तारी ओळखत होता, प्रेमिलाही ओळखत होती. काठावर बसल्या बसल्या तिचे स्वतःचे खांदे हलायचे. दर वेळी चेतनाचं डोकं वेलांच्या आड गेलं की प्रेमिला आकडे म्हणायची, एक, दोन, तीन, आणि सातच्या पुढे कधी जावं लागलं नाही तरी सातपर्यंत पोचताना तिच्या पाठीवरून मुंग्या चालायच्या. भाऊबीज त्यातच येऊन गेली. तिने चंद्राला ओवाळलं, दर वर्षीसारखं. पाचव्या दिवशी पोरगी काठाशी आली, ओली पाठ तिच्याकडे केली आणि म्हणाली, "आई, सोड ना. मला येतं आता."

प्रेमिलाचा हात दोरीपाशी गेला आणि तिथेच राहिला. गाठ भिजून फुगली होती. "सोड ना वं! तुला काय समजते पोहण्यातलं, तू तर फॉर्मवर 'नाही' आहेस," चेतना हसली. इस्तारी पाण्यातून बाहेर येऊन धोतर पिळत होता. प्रेमिलाने मुलीला म्हटलं, "जा, घरून कोरडं फडकं आण." मुलगी तुंब्यासकट पळाली. मग प्रेमिला बोलली. समोर तळं होतं, ती तळ्याशीच बोलली.

"बाबा, त्या दिशी गाठ सुटली नव्हती. मीच सोडली होती."

इस्तारीने धोतराचा पिळा झटकला. "मालूम हाय मले. माही गाठ पाण्यात सुटत नाई. भिजली का अजून आवळते. दाताच्या खुणा होत्या दोरीवर."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." तो तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "भल्ला वेळ लावला बाई तू."

ती रडली नाही. उठली, लुगड्यानिशी पायऱ्या उतरली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग पंचवीस वर्षांनी तिने डोकं पाण्याखाली घेतलं. तोच हिरवट उजेड, तोच डफ. चेतना फडकं घेऊन आली तेव्हा आई तळ्याच्या मध्यावर होती. मुलगी बांधावर थिजून उभी राहिली. आई परत आली, तिने धापा टाकत मुलीच्या पाठीवरची गाठ सोडली, आणि म्हणाली, "झालं." "आई, तुला येतं?" "हव." "मग मी फॉर्मवर..." "राहू दे. माहेरची गोष्ट माहेरातच राहू दे." हे ती का बोलली? रुखमाबाई आठवली असेल, हसलेल्या बायका आठवल्या असतील. किंवा त्या दिवशी ती इतकी हलकी झाली होती की कागदावरच्या एका शब्दाचं वजन तिला कळलंच नाही. परतीच्या एस.टी.त तिला गाढ झोप लागली. जुनं पाप सांगून टाकलं की नवं करायला माणसाकडे जागा होते, हे तिला पुढे फार वर्षांनी सुचलं.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला तो आवडला नाही. तळं बघणाऱ्याची वाट बघतं, नदी आपल्या वाटेने जाते. हे पाणी येत होतं आणि मागे जात होतं, पुन्हा येत होतं, आणि परत जाताना पायाखालची वाळू काढून नेत होतं, कोणी झोपलेल्याच्या अंगाखालची चादर हळूच ओढावी तसं. बाकी सगळे ओरडत, नाचत होते. श्रावणने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोरांबरोबर फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारबोट. बापूरावांच्या नाकावर चष्मा, हातात तो कागद. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा होत्या नऊ, माणसं सोळा. बोट दांड्याच्या दिशेने निघाल्यावर बापूराव उभे राहिले. "ज्यायच्या नावासमोर होय लिहून हाय त्यायनं ट्यूब दुसऱ्याले द्यावी. श्रावणभाऊ, तुमी तर जंगलातले वाघ, तुमाले काय लागते!" सगळे हसले. श्रावणच्या काखेत ट्यूब होती. त्याने ती काढली आणि रुखमाबाईला दिली. देताना एकदाच प्रेमिलाकडे पाहिलं आणि हसला. तेच हसू, डोंग्यातून उतरल्यावरचं. प्रेमिलाने तोंड उघडलं. एवढ्या लोकांत, त्याच्या कचेरीच्या माणसांत, बायकोने म्हणावं की याला पोहता येत नाही? तिने तोंड मिटलं. त्याचे दोन्ही हात बोटीच्या कडेवर होते, बोटांची पेरं पांढरी. ते तिने पाहिलं. आणि मग तिने मान फिरवून चेतनाकडे पाहिलं, कारण चेतना पुढच्या टोकाशी उभी होती, ट्यूब नाकारून, केस मोकळे सोडून, आणि प्रेमिलाची सगळी भीती तिथे होती.

दांड्यापाशी लाट आडवी आली. बोट एका अंगावर गेली आणि तिघे पाण्यात पडले. चेतना, बापूरावांची मुलगी आणि श्रावण. प्रेमिला आकडे म्हणू लागली. चारला चेतनाचं डोकं वर आलं, हात आवाज न करता पाण्यात शिरले, आणि आठला तिने बोटीची दोरी धरली. बापूरावांची मुलगीही आली. प्रेमिलाने श्वास सोडला. तेव्हा, आणि तेव्हाच, तिला पाण्यात दहा-बारा हातांवर पांढऱ्या सदऱ्याची बाही दिसली, वर आली, गेली. ती उडी मारायला उठली. दोन हातांनी तिला मागून घट्ट पकडलं. रुखमाबाई. मग बापूराव. "बाई, काय करून राह्यल्या! तुमाले येत नाई! लिहून हाय!" "सोडा, मले येते!" "सोडू नका, मरंन बाई!" "येते मले!" पण ओरडणाऱ्या बायकोचं कोण ऐकतं. त्या रुखमाबाईची मिठी खरी होती, घाबरलेली, जीव वाचवणारी. प्रेमिला तिच्या मनगटाला चावली, रक्त येईपर्यंत चावली, आणि ओल्या गाठीसारखे ते हात एकदाचे सुटले. तिने उडी घेतली. खाली डोळे उघडले तर हिरवा उजेड नव्हता, नुसता मातकट अंधार आणि कानांत डफ. तिसऱ्या बुडीला सदरा हाताला लागला. तिने त्याला वर आणलं, केस धरून बोटीपर्यंत ओढलं. सगळे बघत राहिले की ही बाई किती पोहते. श्रावणचं तोंड उघडं होतं, त्यात वाळू होती.

त्यानंतर दोन वर्षांनी इस्तारी गेला, झोपेत, जाळं मांडीवर असताना. तुंबा त्याच्याबरोबर जाळावा असं प्रेमिला म्हणाली, पण भाऊबंदांपैकी कोणाला ते पटलं नाही. मग तिने तो तळ्यात सोडला. तो बुडाला नाही, बरेच दिवस वेलांत अडकून तरंगत होता म्हणतात. बापूरावांनी मंडळ सोडलं, निवृत्त होऊन ते मुलीकडे नागपूरला गेले. रुखमाबाईच्या मनगटावर दातांचा अर्धचंद्र राहिला. त्या बाईने तो कधी बांगड्यांखाली झाकला नाही आणि त्याबद्दल कोणाला सांगितलंही नाही. देवा पाटबंधारे खात्यात लागला, सिंदेवाहीला घर बांधलं. पाण्याच्या पातळ्या मोजतो, पण पोहत नाही. चेतना नर्स झाली, आरमोरीला असते, तिला दोन मुलं. प्रेमिलाला अनुकंपेवर त्याच कचेरीत शिपायाची नोकरी मिळाली. खेड्यांतून येणाऱ्या माणसांचे अर्ज ती भरून द्यायची, आणि जिथे होय-नाही असा रकाना असेल तिथे पेन थांबवून समोरच्याकडे बघायची. दोनदा विचारायची. लोक वैतागायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी चेतना माहेरी आली होती. तिच्या धाकट्या मुलाने आजोबांचा फोटो पाहून विचारलं, आणि चेतना त्याला सांगत होती की आजोबा फार छान पोहायचे, पण समुद्रापुढे कोणाचं चालतं. सांगता सांगता ती थांबली आणि आईकडे वळली. "बाबांना पोहता येत होतं ना, आई?"

प्रेमिला तांदूळ निवडत होती. "हव," ती म्हणाली.

चेतनाने आईकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि प्रेमिलाने ती नजर ओळखली. आढ्याखाली तुंबा हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाची नजर. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. चेतनाने पुन्हा कधी विचारलेलं नाही. ती थांबली आहे.